घरच्या फिश टँकला पाणी कुठलं? नळ, बोअर, टँकर की आरओ?

वाघोलीची_आई

नमस्कार मंडळी. लेकीसाठी दोन फुटी काचेची टाकी आणलीय, साधारण ५५ लिटरची. मासे अजून आणलेले नाहीत, आधी पाण्याचं ठरवायचंय. स्वयंपाकघरातल्या एका नळाला सकाळी तासभर महापालिकेचं पाणी येतं. बाकी सगळ्या नळांना बोअर, आणि मार्च उजाडला की त्याच हौदात टँकर रिकामे होतात. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तो याच पाण्याचा. पिण्यासाठी आरओ आहे. दुकानदार म्हणतो फक्त आरओचं भरा. दीर म्हणतात बोअरचं घ्या, त्यात क्लोरीन नसतो. लेकीला गप्पी आणि मॉली हवेत. काय करू?

मासोळी७

नळाचं पाणी दोन दिवस बादलीत ठेवायचं आणि ओतायचं. आमच्याकडे कित्येक वर्षं हेच चालतं, गप्पींना पिल्लंही होतात.

कृष्णाकाठ

ताई, मी सातारा जिल्ह्यात एका गावच्या नळपाणी योजनेवर आहे. टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकणं आणि ओ.टी. (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी ऑर्थोटोलिडीनची चाचणी) घेणं हे माझं रोजचं काम, आणि घरी मॉलीच पाळलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नळाचंच घ्या, पण क्लोरीन गेल्याची खात्री करून. अगदी शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, असा पिण्याच्या पाण्याचा निकष आहे. माणसाला तेवढ्यानं काही होत नाही. माशाचं तसं नाही, त्याच्या कल्ल्यांची त्वचा फार नाजूक असते. ती भाजली की पाण्यात हवा असूनही मासा वर येऊन तोंड उघडझाप करत राहतो. शिवाय फिल्टरमध्ये माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू वाढलेले असतात, क्लोरीन त्यांनाही मारतो.

मासोळी म्हणतात ते बरोबर आहे, ठेवून क्लोरीन उडतो. फक्त बादली रुंद तोंडाची आणि उघडी हवी, झाकणाच्या पिंपात तो तसाच राहतो. एअर पंपाचा दगड सोडला तर काम लवकर होतं. पण पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आम्ही टीसीएल वाढवतो, त्या दिवसांत नेहमीचा अंदाज चुकू शकतो.

म्हणून ओ.टी.चं किट घ्या. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात ओ.टी.चे थेंब, हलवायचं आणि पांढऱ्या कागदासमोर धरायचं. पिवळं दिसलं की क्लोरीन आहे. घातल्या घातल्या पिवळं झालं तर तो मोकळा क्लोरीन. रंग सावकाश चढत गेला तर क्लोरीन अमोनियाशी जोडला गेलाय, म्हणजे क्लोरॅमिन. तो नुसता ठेवून सहजासहजी जात नाही. तिथे अँटिक्लोरीन लागतं, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, डोस बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. क्लोरॅमिन तुटला की अमोनिया मागे राहतो, म्हणून अशा वेळी पाणी थोडंथोडंच बदलायचं. आणि नळीतलं पिवळं पाणी सिंकमध्ये ओता, टाकीत चुकूनही नको. ओ.टी. विषारी असतं. लेकीला रंग दाखवा, हात लावू देऊ नका.

आता दीरांचं. बोअरमध्ये क्लोरीन नसतो हे खरं, मॉलीला जड पाणी चालतं हेही खरं. नुसतं बोअर असतं तर मी तेच सांगितलं असतं. पण तुमच्या हौदात मार्चपासून कुठल्या विहिरीचा टँकर येईल आणि त्यात टीसीएल किती पडलं असेल, ते कुणी सांगत नाही. मासा हळूहळू जड पाण्यालाही सरावतो, हलक्यालाही सरावतो. आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरं, हे त्याला झेपत नाही.

नुसत्या आरओला माझा विरोध आहे. क्षार काढून टाकले की मॉली अंग आखडून जागच्या जागी थरथरत राहते. शिवाय सामू (पीएच) सावरून धरणारा कार्बोनेट जातो, मग सामू कधीही घसरू शकतो. डिस्कस मासे पाळणारे आरओ वापरतात, पण क्षार मोजून परत घालतात.

निऑनवाला

आरओच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी वाया जातं ते चालेल का? बादल्याच्या बादल्या जातात.

कृष्णाकाठ

त्यात क्लोरीन बहुधा नसतो, कारण पडद्याच्या आधी कार्बनचा फिल्टर असतो. पण क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त. तुमच्या नावावरून निऑन टेट्रा असावेत, त्यांना ते नको. झाडांनाही जपून घाला, फरशी पुसायला उत्तम.

वाघोलीची_आई

दादा, खूप आभार. शेजाऱ्यांकडून टीडीएस मीटर आणला. महापालिकेचं ११०, बोअर ९४०, आरओ ४५. थोडं बोअर मिसळू का?

कृष्णाकाठ

नको ताई. मीटर फक्त एकूण क्षार दाखवतो. त्या ९४० मध्ये कॅल्शियम किती आणि नायट्रेट किती, हे त्यातून कळत नाही. शेतीच्या भागातल्या बोअरला नायट्रेट बऱ्याचदा असतं. मार्चमध्ये तेही बदलणार.

११० चं पाणी गप्पींना चालेल, मॉलीला जरा हलकं आहे. शिंपल्यांचा चुरा स्वच्छ धुऊन, मूठभर जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवा. तो सावकाश विरघळतो आणि कॅल्शियम, कार्बोनेट दोन्ही देतो. पंधरा दिवसांनी टाकीतल्या पाण्याचा टीडीएस बघा, थोडा चढलेला दिसेल.

स्वयंपाकघरात एक वीस लिटरची बादली फक्त टाकीसाठी ठेवा, तिला साबण लागता कामा नये. सकाळी नळ आला की भरायची, दुसऱ्या दिवशी ओ.टी. घ्यायची, रंग नसेल तर त्यातलं बारा-तेरा लिटर बदलायचं. आठवड्यातून एकदा पुरे. आधी टाकी भरून फिल्टर चालू करा, मग दोन-तीन गप्पी आणा, आणि अमोनियाची टेस्ट महिनाभर शून्य आली की मॉली.

वाघोलीची_आई

बादली आजच आणते. ओ.टी.चं किट कुठे मिळेल?

कृष्णाकाठ

पोहण्याच्या तलावाचं सामान विकणाऱ्या दुकानात, किंवा ऑनलाइन 'क्लोरीन टेस्ट किट' म्हणून. मुदतीची तारीख बघून घ्या.