हरणांपासून नवी लागवड कशी वाचवावी: साऱ्या आवाराला कुंपण की झाडागणिक पिंजरा?

प्रश्न

आमचे घर वस्तीपासून दूर, रानाच्या कडेला आहे आणि घराभोवती साधारण एक एकर मोकळे आवार आहे. गेल्या पावसाळ्यात तेथे मी फळझाडे आणि सावलीची झाडे मिळून 60 रोपे लावली. पहिले दोन महिने ती जोमाने वाढली. त्यानंतर मात्र एकेका रात्रीत सहा-सात रोपांचे शेंडे नाहीसे होऊ लागले. मनगटाएवढ्या जाडीची दोन जुनी झाडे होती, त्यांचीही साल गुडघ्याच्या वरपासून उभी सोललेली आढळली. चार फूट उंचीची हिरवी जाळी लावून पाहिली, पण हरणे ती सहज ओलांडून आत आली. साबणाच्या वड्या टांगल्या, त्यांचा उपयोग जेमतेम पंधरवडाभर झाला. साऱ्या आवाराला उंच कुंपण घालावे की प्रत्येक झाडाला वेगळा पिंजरा करावा? आणि ज्यांचे शेंडे गेले ती रोपे उपटून नवी लावावीत काय?

पहिले उत्तर

रोपे उपटण्याची घाई करू नका. शेंडा गेला म्हणजे झाड गेले असे नसते. चावलेल्या टोकाखाली जो पहिला सशक्त डोळा दिसेल, त्याच्या किंचित वर धारदार कात्रीने तिरपा काप घ्या. त्या डोळ्यातून फुटणारा कोंब नवा शेंडा होतो. दोन-तीन कोंब एकदम फुटले तर सर्वांत सरळ असलेला राखून बाकीचे खुडावेत.

त्याआधी खाणारा कोण आहे, हे मात्र नक्की करून घ्या, कारण सगळा दोष हरणांचा नसतो. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तेथे केवळ टणक हिरडी असते. त्यामुळे ते कोंब कापत नाही, तर खालचे दात आणि हिरडी यांत धरून हिसडा देते. अशा फांदीचे टोक पिंजलेले दिसते आणि सालीचा एखादा ओला धागा त्यावर लोंबत असतो. सशाने खाल्लेले टोक सुरीने कापल्यासारखे तिरपे व स्वच्छ असते, शिवाय ते जमिनीपासून फार उंचावर नसते. दोन्हींचा बंदोबस्त अगदी वेगळा आहे. सशासाठी बुडाशी बारीक भोकांची, गुडघाभर उंचीची जाळी पुरते.

सोललेल्या सालीचे कारण भूक हे नव्हे. नराच्या नव्या शिंगांवरची मखमली कातडी वाळू लागली की तो ती लवचीक खोडांवर घासून काढतो, आणि पुढे माजाच्या काळातही खोडांवर शिंगे घासत राहतो. साल एका बाजूचीच गेली असेल, तर फाटलेल्या कडा धारदार चाकूने नीट करून जखम उघडी ठेवावी. डांबर फासू नये. साल खोडाभोवती पूर्ण गोल निघाली असेल, तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरण्याचा मार्गच तुटतो आणि वरचा भाग पुढे वाळतो.

दुसरे उत्तर

कुंपणाबद्दल लिहितो, कारण त्यात माझे बरेच पैसे वाया गेले आहेत. हरणे उडी मारून येतात हे खरे असले, तरी खालून वाट मिळाली तर ती उडीच्या भानगडीत पडत नाहीत. मी सात फूट उंच जाळी उभारली होती. ओघळीजवळ तिच्याखाली वीतभराहून थोडी अधिक फट राहिली होती, आणि तेथील तारेला अडकलेले राठ केस पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले की इतके दिवस आपण उगाच वर पाहत होतो.

भरवशाचे कुंपण म्हणजे सुमारे 2.4 मीटर उंच, ताणून बसवलेले आणि जमिनीला टेकलेले. जाळी ढिली असेल तर तिच्यात शिंगे अडकून जनावर तडफडते आणि कुंपणही जाते. इतकी उंची परवडत नसेल, तर सुमारे सव्वा मीटर उंचीची दोन कुंपणे एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर घालता येतात. हरणाला उंच आणि लांब अशी दुहेरी उडी एकदम साधणे कठीण जाते. भाजीपाल्याचे वाफे पाच-सहा मीटर रुंदीचे असतील, तर त्यांना दीड मीटरचे कुंपणही बहुधा पुरते, कारण चोहोबाजूंनी बंद, चिंचोळ्या जागेत उडी घ्यायला हरीण कचरते.

सौर झटका मशीनही चालते. त्यातून साधारण सेकंदाला एक असा क्षणभराचा झटका मिळतो, मात्र तारांना टेकणारे गवत सतत कापावे लागते. घरातील विजेची जोडणी थेट तारेला कोणीही, एका रात्रीपुरतीही, देऊ नये. त्याने माणसे मरतात.

तिसरे उत्तर

साठ झाडांसाठी हिशेब मांडून पाहा. चौरस एकराचा परिघ सुमारे 255 मीटर भरतो. एक मीटर व्यासाच्या पिंजऱ्याला सव्वातीन मीटरच्या आसपास जाळी लागते, म्हणजे साठ झाडांना 195 मीटर, पण दीड ते 1.8 मीटर उंचीची. शिवाय पिंजऱ्यागणिक तीन खांब. जाळीचा खर्च मोठ्या कुंपणापेक्षा कमी येत असला, तरी खांब ठोकण्याचे काम कंटाळवाणे आहे. तरीही मी पिंजऱ्याच्याच बाजूचा आहे. कुंपण एका जागी तुटले की साठही झाडे उघडी पडतात. पिंजरा मोडला तर एकच. शिवाय झाड मोठे झाले की तोच पिंजरा दुसऱ्या रोपाला वापरता येतो.

पिंजरा खोडाला चिकटून असू नये, नाहीतर हरीण तोंड आत घालून शेंडा खाते. खांब एकच ठोकला तर नर अंग टेकून तो वाकवतो, म्हणून तीन. आतील आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, पण बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवावे, अन्यथा त्या उबेला उंदीर येऊन साल कुरतडतात. रोपवाटिकेतून आणलेल्या, खतपाण्यावर पोसलेल्या रोपांची कोवळी पाने हरणांना विशेष आवडतात. म्हणून पिंजरा लागवडीच्या दिवशीच उभा करावा, पहिला शेंडा गेल्यावर नव्हे.

सडक्या अंड्याच्या वासाची फवारणी करायची असेल, तर पावसानंतर आणि नवी पालवी फुटताच ती पुन्हा करावी लागते. कोरड्या दिवसांत रानातला चारा संपला की भुकेले हरीण वासाला जुमानत नाही. आपला साबण याच कारणाने हरला असावा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचे आभार. आज उजाडताच सर्व रोपे एकेक करून तपासली. वरच्या अंगाच्या बेचाळीस रोपांची टोके पिंजलेली आहेत, मात्र विहिरीकडील अकरा रोपे स्वच्छ तिरपी कापलेली निघाली, म्हणजे ती सशांचीच करामत. उरलेल्या सात रोपांना अजून कोणीही तोंड लावलेले नाही. सोललेल्या दोन झाडांपैकी एकाची साल पूर्ण गोल गेली आहे. पिंजरे करायचे ठरवले आहे, पण ते किती वर्षे ठेवावेत?

तिसरे उत्तर देणाऱ्याकडून

मुख्य शेंडा दोन मीटरच्या वर जाईपर्यंत पूर्ण पिंजरा ठेवावा, कारण हरीण मागच्या पायांवर उभे राहूनही खाते. त्यानंतर जाळी काढली, तरी खोड लवचीक असेपर्यंत शिंगांचा धोका टळत नाही. म्हणून बुंध्याभोवती जाळीचा सैल वेढा ठेवून तो दरवर्षी मोकळा करीत जावा, नाहीतर वाढणारे खोड तार पोटात घेते. पूर्ण गोल सोललेले झाड मात्र जखमेच्या खाली छाटून पाहावे. मूळ जिवंत असल्यास बुडातून फुटवा येईल, आणि कलमी झाड असेल तर तो फुटवा कलमाच्या जोडाच्या वरचाच राखावा.