नळी काढायला सरकार नको, फास आवळायला मात्र हवं?

देवळालीकर
काल इथे एकाने लिहिलं, "बलात्काऱ्यांना महिन्याच्या आत फाशी द्या, आणि ते लिव्हिंग विलचं फॅड बंद करा. जीव देवाने दिलाय, तो कधी जाणार हे ठरवणारं सरकार कोण?" लिव्हिंग विल म्हणजे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं, की बरं होण्याची आशा नसेल तेव्हा मला नळ्या लावून, मशीनवर जगवू नका. रात्री वाचलं आणि डोकंच उठलं, म्हणून सविस्तर लिहितोय. एकाच दमात दोन्ही कसं म्हणता हो? फासावर जातो तो जीव देवाने दिलेला नसतो का?

आणि निदान नाशिककरांनी तरी असं बोलू नये. जून २००३ मधलं आपल्या नाशिकचंच प्रकरण आठवा. एकाच ठिकाणी पाच जणांचे मुडदे पाडले, पंधरा वर्षांच्या पोरीवर अत्याचार झाला. पकडले सहा जण, भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले. २००६ ला नाशिकच्या सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली, हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, तर २००९ ला सुप्रीम कोर्टाने परत सगळ्यांनाच फाशी. मग मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सहाही जण निर्दोष आहेत. वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळेच चेहरे ओळखले होते, त्यांच्यामागे कुणी गेलंच नाही! सोळा वर्षं आत काढली त्यांनी, त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन निघाला. भरपाई काय, तर पाच-पाच लाख.

दहा वर्षं आधी कुणी घाई केली असती तर ते पाच लाख कुणाच्या हातात ठेवले असते? तेव्हा दोर सरकारच्या हातात द्यायला तुम्ही एका पायावर तयार, आणि माझ्या बापाने धडधाकट असताना लिहून ठेवलं की मला व्हेंटिलेटर लावू नका, तर ते फॅड!

सिडकोचा_राजा
मीच लिहिलं होतं आणि एक शब्द मागे घेणार नाही. तुम्हाला ते सहा दिसले, ते मेलेले पाच कुठे गेले? त्यांना कुणी मारलं हे आजपर्यंत कुणाला शिक्षा होऊन कळलं का? तपास नासवला म्हणून शिक्षाच नको, हा कुठला न्याय? तपास सुधारा ना.

गावित बहिणींचं घ्या. लहान लेकरं पळवून मारली, त्यातली एक पोरगी आपल्या नाशिकची. २००६ ला सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली, २०१४ ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, आणि २०२२ ला हायकोर्ट म्हणतं सरकारने उशीर केला म्हणून जन्मठेप. उशीर सरकारने केला, त्यात त्या लेकरांचा काय दोष?

माझ्या मावसबहिणीची केस नऊ वर्षं चालली. मावशी दर तारखेला निफाडहून एसटीने यायची, पिशवीत भाकरी आणि पोरीचा शाळेतला आयकार्डाचा फोटो. अकराला बाकड्यावर बसायची, एकला कळायचं वकील आले नाहीत, पुढची तारीख. तो फोटो हाताळून हाताळून पांढरा पडला, शेवटी शेवटी चेहरा दिसत नव्हता. तिला जाऊन सांगा तुमचं मानवाधिकाराचं.

आणि लिव्हिंग विलचं म्हणाल तर सातबाऱ्यासाठी बापाचा अंगठा उठवणारी लेकरं मी गावोगाव पाहिलीत. ती उद्या या कागदावर अंगठा उठवणार नाहीत कशावरून?

स्नेहा_गंगापूररोड
अंगठ्याचं बोलताय म्हणून सांगते. माझे बाबा एकोणीस दिवस आयसीयूत होते. फुप्फुसं संपलेली, कॅन्सर हाडात गेलेला, सगळ्यांना माहीत होतं. ते नळी ओढायचे म्हणून दोन्ही हात गॉझच्या पट्टीने कॉटच्या दांडीला बांधले होते. मनगटाला वळ उठले होते. मी गेले की बोटं हलवायचे, सोड म्हणून. मी सोडलं नाही. सिस्टर ओरडेल म्हणून सोडलं नाही.

शेवटी घरी नेतो म्हटलं तर "डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय" असं लिहून मागितलं. भावाने ॲम्ब्युलन्समध्ये घरापर्यंत ॲम्बू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायचा फुगा, दाबली. दिंडोरी रोडच्या सिग्नलला थांबलो तेव्हा तो विचारत होता, ताई थांबवू का, आणि मला उत्तर देता येईना. देवाने दिलेल्या जिवाबद्दल बोलणाऱ्यांनी त्या ॲम्ब्युलन्समध्ये बसून बघावं.

पंचवटीचे_मामा
ताई, एकोणीस दिवसांचं बिल किती झालं ते लिहा ना, म्हणजे कळेल नळी का काढत नव्हते. खरा विषय हा आहे! फाशी वगैरे नंतर. माझ्या भाच्याच्या वेळी आधी डिपॉझिट, मग रोज संध्याकाळी काउंटरवरून फोन, मेडिकलवाला त्यांचाच, हातमोज्यांचे डबे किती लागले कुणी मोजायचे. गेल्यावर सुद्धा बाकी भरल्याशिवाय बॉडी देईनात, मंगळसूत्र गहाण ठेवून आणली. डॉक्टर लोकांना मरण परवडतच नाही.

भूलतज्ज्ञ_नाशिकरोड
मामा, बॉडी अडवून धरणं चूकच आहे, तिथे मी तुमच्या बाजूने. पण सरसकट बोलू नका. बावीस वर्षं आयसीयूत उभा आहे. नळी काढली तर पुण्याहून आलेला एक पुतण्या म्हणणार मारून टाकलं, आणि नाही काढली तर तुम्ही म्हणणार बिल वाढवलं. काचा आमच्याच फुटतात.

कायदा काय आहे ते तरी बघा. ९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच हक्क मानला, पण अटी इतक्या घातल्या की न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीशिवाय विल पूर्णच होत नव्हतं. जानेवारी २०२३ ला ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मग पेशंट बरा होण्याची आशा नाही अशा अवस्थेला आला की हॉस्पिटलचं एक मेडिकल बोर्ड, त्यावर दुसरं बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला बाहेरचा डॉक्टर, आणि न्यायदंडाधिकाऱ्याला कळवणं. विषारी इंजेक्शन देणं आजही गुन्हाच आहे. म्हणजे पुतण्याच्या अंगठ्याने काही होत नाही.

पंचवटीचे_मामा
दुसरं बोर्ड बसेपर्यंत आयसीयूचं भाडं कोण भरणार, तुम्ही?

भूलतज्ज्ञ_नाशिकरोड
बोर्डाने शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचंय! आणि ऐका आता. माझ्या आईला मी स्वतः नळी घालू दिली नाही. मॉर्फिन दिलं आणि घरच्या पलंगावर हात धरून बसलो. दोघे भाऊ अजून माझ्याशी बोलत नाहीत. तेव्हा मरण परवडत नाही वगैरे मला ऐकवू नका.

निवृत्त_सिस्टर
एकतीस वर्षं नर्सिंग केलं, मला डॉक्टरांचंही पटत नाही. अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातली नर्स, १९७३ मध्ये तिथेच हल्ला झाला आणि ती शुद्ध हरपून कायमची अंथरुणाला खिळली. तिला केईएमच्या नर्सनी ४२ वर्षं सांभाळलं, बेडसोअर होऊ दिला नाही. २०११ ला कोर्टात तिला मरू द्या म्हणणारी लेखिका होती, नको म्हणणाऱ्या रोज तिला भरवणाऱ्या होत्या. कोर्टाने त्यांचं ऐकलं. पलंगावरचा माणूस ओझं आहे हे ठरवतं कोण? बहुतेक वेळा जो त्याची कूस बदलत नाही तो. आणि तिच्यावर हल्ला करणारा सात वर्षांत सुटला, हे कुणीच बोलत नाही.

सिडकोचा_राजा
सिस्टर, हेच तर म्हणतोय मी!

देवळालीकर
सिस्टर, तुमच्यापुढे हात जोडतो, पण अरुणाने काही लिहून ठेवलं नव्हतं, तिला काय हवं ते कुणालाच माहीत नव्हतं. स्नेहाताईंचे बाबा बोटांनी सांगत होते. माझं भांडण एवढंच आहे की ज्याचा जीव त्याला विचारा. फासावरचा माणूस जगायचंय म्हणतो, त्याचं ऐकायचं नाही, आणि नळी लावलेला जाऊ द्या म्हणतो, त्याचंही नाही.

सिडकोचा_राजा
फासावरच्याने समोरच्याला विचारलं होतं का? फाशीचं मत बदलणार नाही, मावशीचा फोटो डोळ्यासमोरून जात नाही. ते सहा जण सुटले हे बरं झालं, एवढं म्हणतो. नळीचं, दोन बोर्ड आहेत हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर फॅड म्हटलं नसतं.

स्नेहा_गंगापूररोड
आईने कालच कागद घेऊन बसवलं मला. पहिलं वाक्य तिने सांगितलं, "माझे हात बांधू नका." दोन साक्षीदार पाहिजेत, शेजारच्या काकू तयार आहेत, दुसरं कुणी मिळेना, सगळे म्हणतात अभद्र काम आहे.

सिडकोचा_राजा
ताई, मला बोलावू नका, माझा हात धजणार नाही. पण आपल्या द्वारका चौकाजवळ एक म्हातारे नोटरी बसतात. मुलांना बाहेर उभं करतात, आईला एकटीला आत बसवून सगळं वाचून दाखवतात, मगच शिक्का मारतात. त्यांच्याकडेच जा.