पावसाळ्यात सह्याद्रीत सायकलवर तीन-चार दिवस, डांबर सोडून: तुमचे अनुभव लिहा

येत्या श्रावणात आम्ही तिघं कोथरूडहून निघून खडकवासला, खानापूर, पाबे घाट, वेल्हे, केळद आणि मग भोरच्या बाजूनं परत, असं चार दिवस फिरायचं म्हणतोय, जमेल तिथं कच्च्या रस्त्यानं. ज्यांनी भर पावसात असं केलंय त्यांनी लिहा, काय चुकलं ते तर नक्की लिहा.

सुरुवात मीच करतो. मागं एकदा दोन दिवसांसाठी गेलो होतो तेव्हा सगळा हिशोब किलोमीटरचा होता. सोलापूर रस्त्याला दिवसात १०० होतात, मग डोंगरात ६० धरू. पहिल्या दिवशी ३८ झाले. भोरच्या अलीकडं शेतातून जाणारा गाडीरस्ता धरला, नकाशात मस्त सरळ दिसत होता, आणि तिथं चिकट काळी माती. चाक आणि फोर्कच्या मधे अशी गच्च बसली की चाक फिरेचना, काडीनं उकरायचं, वीस पावलं ढकलायचं, परत उकरायचं, अर्धा किलोमीटर पार करायला तास गेला आणि शेवटी सायकल खांद्यावर घेतली तर मातीसकट तिचं वजन दुप्पट वाटत होतं. तेव्हापासून मी रोजच्या बेतात दोनच गोष्टी लिहितो, ओढे किती आडवे येणार आणि डांबरावर परत यायच्या वाटा कुठं कुठं आहेत. दोन वाटांमधलं अंतर दोन तासांच्या वर गेलं तर तो तुकडा सोडून देतो.

—

ओढ्यांचं लिहिलंत ते बरं केलंत, माझा अनुभव त्याचाच आहे. मुळशीच्या पलीकडं एका वाडीला सकाळी जाताना ओढा घोट्याएवढा होता, तळाचे दगड मोजता येत होते. दुपारी परत आलो तर मांडीपर्यंत, लालसर पाणी, वर फेस आणि पाचोळा. पाऊस आमच्यावर पडतच नव्हता, वर डोंगरात कुठंतरी पडला असणार. माझा मित्र म्हणाला सायकलचा आधार घेऊन जाऊ. पलीकडं एक आजी गुरं घेऊन उभ्या होत्या, त्यांनी हातानं नुसतं 'बसा' केलं आणि स्वतःपण दगडावर बसल्या. त्यांची गुरं थांबली तिथं आपण कोण जाणार! मी पाण्याच्या कडेला एक काडी रोवली. पहिला अर्धा तास काडी बुडत गेली, मग थांबली, मग हळूहळू ओली बाजू वर दिसायला लागली. अडीच तासांनी आजी गुरं घेऊन अलीकडं आल्या, त्यानंतर आम्ही गेलो. आपल्याकडचे ओढे लांबीला कमी आणि उताराला जास्त, चढतात भराभर पण पाऊस थांबला तर उतरतातही लवकर. तेव्हा बेतात हे दोन-अडीच तास आधीच मोकळे ठेवा, म्हणजे घाईनं पाण्यात पाय घालायची वेळ येत नाही. आणि पाणी वाहत्या फरशी पुलावर सायकलवर बसून जाऊ नका, शेवाळ असतं, उतरून चाला.

—

मी सिंहगड रोडला राहते. माझा अनुभव न गेलेल्या ट्रिपचा आहे, चालेल ना?

जुलै २०२४ मधे आम्हा पाच जणींचं ताम्हिणीचं ठरलं होतं, सुट्ट्या टाकल्या होत्या, बॅगा भरून दारात होत्या. रेड अलर्ट आला तेव्हा ग्रुपवर जोरात वाद झाला, कारण पुण्यात त्या वेळी नुसती रिपरिप होती आणि दोघींचं म्हणणं होतं की अलर्ट तर रोजच येतात. मी आणि अजून एक जण अडून बसलो, रद्द करा म्हणून, आणि खूप वाईटपणा घेतला. २५ जुलैच्या पहाटे आमच्या पार्किंगमधे पाणी होतं आणि एकता नगरीत लोकांना बोटीनं काढत होते. नंतर आकडा वाचला, ताम्हिणीला २४ तासांत ५५६ मिलिमीटर. पुणे शहरात अख्ख्या वर्षात साधारण सातशे-साडेसातशे पडतो, म्हणजे बघा. आम्ही त्या रात्री कुठल्यातरी देवळात दरडीच्या पायथ्याशी झोपलो असतो.

तेव्हा अंदाज बघताना 'पुणे' बघू नका, हवामान खातं पुणे जिल्ह्याच्या घाटाचा अंदाज वेगळा देतं, तो बघा. आणि कोणी एकानं नाही म्हटलं तर वाद न घालता रद्द, हे निघायच्या आधीच ठरवून टाका. शिवाय पावसाळ्यात काही घाट आणि धबधबे प्रशासन बंद करतं, वरंध्याच्या बाजूनं जाणार असाल तर आदल्या दिवशी चौकशी कराच.

—

ब्रेक!! कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

माझ्या सायकलला डिस्क ब्रेक, निघायच्या दोन दिवस आधी एका दुकानात नवीन पॅड बसवून घेतले आणि निर्धास्त झालो. तिसऱ्या दिवशी उतारावर मागून खर्रर्र आवाज यायला लागला, मला वाटलं माती अडकली असेल, धुतलं, परत तेच, आणि पुढच्या वळणावर लिव्हर पार हँडलला टेकला. चाक काढून बघितलं तर पॅडवरचा मसाला संपून नुसता पत्रा डिस्कवर घासत होता. तीन दिवसांत. रेझिनचे पॅड होते, कोरड्यात छान चालतात, आवाज करत नाहीत, पण पावसात डोंगरातली बारीक रेती डिस्कवर बसते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. पावसाला मेटलचे, म्हणजे सिंटर्ड पॅड घ्या, मात्र आधी तुमच्या डिस्कवर ते चालतात का बघा, काही स्वस्त डिस्कवर 'फक्त रेझिन' असं कोरलेलं असतं. आणि एक जादा जोड सोबत ठेवा, दोन काड्यापेट्यांएवढी पण जागा लागत नाही. नवीन पॅड घरच्या उतारावर वीसेक वेळा दाबून बसवून घ्या, थेट घाटात नको.

बाकी रोज संध्याकाळी चेन पुसून तेल, पावसाचं घट्ट तेल मिळतं ते. कॅरियरचे नट रोज हातानं चाचपायचे, कच्च्या रस्त्यावर ढिले होतातच.

—

सामान वॉटरप्रूफ बॅगेत आहे म्हणून भिजणार नाही असं धरू नका. झोपायचं अंथरूण, एक कपड्याचा जोड आणि एक मोज्याचा जोड कचऱ्याच्या जाड काळ्या पिशवीत, वर गाठ, आणि ते कपडे काही झालं तरी दिवसा घालायचे नाहीत. सकाळी परत ओलेच कपडे चढवायचे. अंगावर काटा येतो, पहिली पाच मिनिटं नको वाटतं, मग चढ लागला की कळतसुद्धा नाही. मी एकदा मोह होऊन कोरडे घातले, दहा वाजता भिजले, आणि ती रात्र कुडकुडत काढली. पाय रात्री पुसून खोबरेल तेल लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तळव्यांना भेगा पडतात.

—

मी मूळचा वेल्ह्याकडचा, नोकरीला पुण्यात. वाचून बरं वाटलं, पण आमच्या बाजूनं थोडं सांगतो.

जुलैत आमच्याकडं भाताची लावणी चालू असते. खाचराचा बांध हा रस्ता नाही. वरनं हिरवा, सपाट दिसतो म्हणून सायकलवाले त्यावरनं चाक घालतात. आमच्याच खाचराला दोन वर्षांमागं एक बांध असा फुटला, खिंडार हातभरच होतं, पण रात्रीतनं खाचरातलं सगळं पाणी निघून गेलं आन कालच लावलेली रोपं आडवी झाली. आई दुसऱ्या दिवशी परत वाकून लावत होती. कोणी मुद्दाम केलं नसणार, मला माहितीय. उतरून विचारा, 'दादा, वाट कुठून हाय?', कोणपण काम सोडून वाट दाखवील.

मढे घाटाची खाली कोकणात जाणारी वाट नकाशात दिसते म्हणून सायकल घेऊन उतरू नका. ती चालायची वाट हाय, पावसात दगड नुसते निसरडे. केळदला जाऊन माथ्यावरनं बघा आणि माघारी फिरा. शनिवार-रविवार तर तिथं गाड्यांचीच गर्दी, मधल्या वारी या.

मुक्कामाला देवळात झोपायचं तर अंधार पडायच्या आत गावात या आणि पोलीस पाटलाला नाहीतर शेजारच्या घरी सांगून झोपा. जेवण सांगायचं असलं तर तेव्हाच सांगा, रात्री आठला दारात येऊन उभं राहिलात तर बाई नाही म्हणणार नाही, पण तिला परत चूल पेटवावी लागते. पैसे घेत नाहीत म्हणाले तरी द्या. सकाळी बूट झटकून घाला, आमच्याकडं फुरसं फार, बारका पण विषारी साप हाय तो.

आन श्रावणात येताय ना, मग येताना वेल्ह्यातनं फोन करा, पुढं केळदकडं रेंज जाते. या धाग्यावर तारीख टाका, मी त्या आठवड्यात गावी असलो तर ओढ्याला पाणी किती ते सकाळीच बघून कळवतो.