घोडीला चार डबे चालू आहेत, तरी अर्ध्या पळात दमायलीय. पाचवा कोणता आणू?

मैनावाला (लोहा, जि. नांदेड) — ४ सप्टेंबर

रामराम मंडळी. गेल्या माळेगावच्या जत्रेत घोडी घेतली. मारवाडी वळणाची, कुमैत, कपाळावर टिक्का, ६० इंची. विकणाऱ्यानं वय पाच सांगितलं, दातावरनं सहाची वाटते. नाव मैना. लग्नसराईत वरातीला जाते, बाकी आमचा नाद म्हणजे गावोगावच्या जत्रेतली शर्यत.

उन्हाळ्यात पळायची, बघणाऱ्यानं बघत राहावं अशी. आखाडापासनं काय झालं कळंना. निम्म्या पल्ल्यापर्यंत पुढं असते, मग पाय जड होतात. मानेवर फेस येतो, अर्धा घंटा भाता थांबत नाही. मधीच पुढच्या डाव्या पायात लंगडते, दोन रोजानं बघावं तर मागच्या उजव्यात. नालबंद म्हणतो खूर ठिसूळ झालाय, खिळा धरत नाही.

जूनपासनं हे चालू आहे: रक्त वाढीचं टॉनिक ५० मिली दोन टाईम. म्हशीचं कॅल्शियम १०० मिली. बाहेरनं मागवलेली स्टॅमिन्याची पावडर. खुराची-केसाची वेगळी पावडर. महिन्याचा खर्च ६,४०० रुपये. बायको म्हणते, पोराला बारावीला असताना एवढं टॉनिक आणलं नव्हतं.

चंदी: सकाळी भिजवलेला हरभरा २ किलो, गव्हाचा कोंडा दीड किलो, गूळ. संध्याकाळी परत तेवढंच, वर दुभत्या जनावराची गोळी पेंड १ किलो. चारा म्हणजे ज्वारीच्या कडब्याची कुट्टी आणि बांधावरचं संकरित नेपियर. चारा ती फारसा खात नाही, अर्धवट चावून टाकते. लिदीत हरभरा अख्खाच निघायलाय, म्हणजे पोट भरून खायलीय एवढं नक्की.

आता दुकानदार म्हणतो अजून एक पावडर आहे, ती घातली की घोडी उडती. २,८०० ला डबा आहे. कोणी वापरलीय का? आणि ताकदीच्या इंजेक्शनाचं पण ऐकलंय.

औसा_एक्सप्रेस — ४ सप्टेंबर

भाऊ, डबे गेले खड्ड्यात. आमच्या आजोबाच्या घोडीला रोज चार कच्ची अंडी आणि पावशेर तूप. २२ वर्षं जगली.

निवृत्त_पशुधन (परभणी) — ४ सप्टेंबर

मैनावाले, तुझ्या वडिलांच्या वयाचा असेन, म्हणून अरे-तुरे करतो. ३१ वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून दवाखान्यात काढली, त्यातली १५ गोदाकाठच्या गावात. तिथं घोडा ठेवणं म्हणजे पोरगं सांभाळणं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच लिहिलंस. "लिदीत हरभरा अख्खा", "चारा अर्धवट चावून टाकते". डब्यांचं नंतर बघू, आधी तिचं तोंड उघडून बघ. घोड्याची दाढ जन्मभर वर येत राहते आणि झिजत राहते. वरच्या दाढेच्या बाहेरच्या अंगाला आणि खालच्या दाढेच्या आतल्या अंगाला ब्लेडसारखी कड तयार होते, ती गालाला आणि जिभेला कापते. मग घोडं चावत नाही, गिळतं. तू २,८०० चा डबा आणशील आणि तो लिदीतनं उकिरड्यात जाईल. कानशीनं दाढा घासून घे. जाणकार डॉक्टरकडूनच, नालबंदाकडून नको.

आता चंदी. तुझं गणित उलटं झालंय. दिवसाला आठ किलो खुराक आणि चारा म्हणजे तोंडी लावायला. घोड्याचं पोट आंगठ्याएवढं आणि आतडं पोत्याएवढं. त्या पोत्यात चारा कुजतो, त्यावर घोडं चालतं. वजनाच्या दीड टक्का तरी कोरडा चारा रोज पोटात गेला पाहिजे. एका वेळी दोन किलोच्या वर दाणा टाकला की तो न पचता मागं सरकतो, तिथं आंबतो, आणि एखाद्या रात्री पोटशूळ घेऊन तुला उठवतो. तू एका वेळी साडेतीन-साडेचार किलो टाकायलास.

कोंडा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. आपल्याकडं घोडा आणि कोंडा ही जोडी लग्नाच्या पत्रिकेसारखी छापलेली आहे. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या नऊ-दहा पट फॉस्फरस असतो. तुझ्या तीन किलोत फॉस्फरस पस्तीस ग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम चार. घोड्याला उलटं पाहिजे, कॅल्शियम थोडं वरचढ. फॉस्फरस वाढला की शरीर हिशेब मिटवायला स्वतःच्या हाडातनं कॅल्शियम काढतं. आज या पायात लंगड, परवा त्या पायात, ही त्याची पहिली खूण. पुढं तोंडाची हाडं फुगतात, नाकाडावर दोन्हीकडं उंचवटे येतात. पूर्वी पिठाच्या गिरण्यांवरच्या घोड्यांना व्हायचा हा आजार, कारण कोंडा फुकट.

त्यात तू नेपियर घातलंस. संकरित नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं, ते उरल्यासुरल्या कॅल्शियमला धरून बसतं. गाई-म्हशीच्या पोटातले जंतू ते बऱ्यापैकी फोडतात, घोड्याला ते जमत नाही. म्हणजे वरून तू म्हशीचं कॅल्शियम ओततोस आणि खालून कोंडा आणि नेपियर ते काढून घेतात.

कर असं. कोंडा आठ-दहा दिवसांत हळूहळू शून्यावर आण. नेपियर म्हशीला टाक. लसूणघास वाळवून दीड-दोन किलो चालू कर, त्यात कॅल्शियम भरपूर. कडबा कुट्टी दिवसभर समोर राहू दे. हिरवी ज्वारी मात्र घोड्याला नको, मूत्राशय आणि मागचे पाय धरते. हरभरा दिवसाला दोन किलोवर आण, तीन वेळा वाटून, भरडून. शर्यतीची ताकद कमी पडेल वाटलं तर करडईचं घाण्याचं तेल ५० मिलीपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत २०० पर्यंत ने. वजनाला वजन धरलं तर दाण्याच्या दुपटीहून जास्त ताकद तेलात. घोड्याला पित्ताशयच नसतं, तरी तेल मस्त पचतं. आणि ज्या दिवशी घोडी नुसती उभी, त्या दिवशी दाणा निम्मा. नाहीतर दुसऱ्या दिवशी पळवल्यावर मागचे पुठ्ठे लाकडासारखे होतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची येते.

हे सगळं झाल्यावर डब्यांकडं ये. वजन किती आहे तिचं?

औसेकर, अंड्याबद्दल एकच. कच्च्या पांढऱ्यात एक प्रथिन असतं, ते बायोटिनला, म्हणजे खुराच्या-केसाच्या व्हिटॅमिनला, चिकटतं आणि शरीराला मिळू देत नाही. हा भाऊ खुरासाठी बायोटिनची पावडर विकत आणतोय. त्यानं तुमची अंडी ऐकली असती तर गंमत झाली असती. आजोबांची घोडी बहुतेक आजोबांनी केलेल्या खराऱ्यावर जगली.

मैनावाला — ५ सप्टेंबर

काका, कोंड्याचं वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून नाकाडावरनं हात फिरवला. उंचवटा वाटला नाही, पण आता मला सगळीकडंच उंचवटे वाटायलेत.

वजनकाटा नाही. उसाच्या काट्यावर नेऊ का?

निवृत्त_पशुधन — ५ सप्टेंबर

टेलरचा टेप घे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. किलो येतात.

मैनावाला — ५ सप्टेंबर

घेर १६२, लांबी १४८. मोबाईलवर ३२७ आलं. मी साडेचारशे धरून टॉनिक पाजायलो होतो.

पशुवैद्यक_चौथं_वर्ष — ५ सप्टेंबर

काकांचं सगळं मान्य, पण दोन गोष्टी राहिल्या.

पावसाळ्यानंतर घोडं दमायला लागलं, ताप येतो-जातो, पोटाखाली किंवा पायावर सूज दिसते, तर सर्रा हा आजार डोक्यात ठेवायचा. डांस माशी चावून पसरतो. रक्तात परजीवी फिरतो आणि लाल पेशी संपवतो. अशा घोडीला रक्त वाढीचं टॉनिक देणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं. ताप असताना रक्ताची काचपट्टी करून घ्या. तुम्हाला उदगीरचं पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडेल, परभणीलाही आहे.

तसंही लोहाची कमतरता घोड्याला सहसा होत नाही, कडब्यावरच्या मातीतूनसुद्धा लोह जातं. शांत उभ्या घोड्याच्या रक्तात पेशी कमी दिसतात, कारण भरपूर साठा प्लीहेत असतो, पळायला लागलं की तो बाहेर येतो. कमी आकडा बघून लोक टॉनिक लावतात.

दुसरी गोष्ट गोळी पेंडीची. आजच बंद करा, उद्या नको. जनावरांच्या काही खाद्यात आणि कोंबडीच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं. घोड्याला त्याच्या वजनाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम पोटात गेलं तरी जीव जातो. तुमच्या मैनेला एक ग्रॅमसुद्धा लागणार नाही. हृदयाचा स्नायू मरतो, उतारा नाही. तुमच्या पेंडीत असेलच असं नाही, पण पोत्यावर दर वेळी सगळं छापलेलं असतंच असंही नाही.

स्टॅमिन्याची पावडर आणि खुराची पावडर, दोन्हीच्या डब्यावर सेलेनियम आहे का बघा.

मैनावाला — ५ सप्टेंबर

दोन्हीवर आहे. भिंग घेऊन वाचलं. पहिल्यात मापाला २ मिलिग्रॅम, दुसऱ्यात १. आणि मी मापं दोन-दोन घालायलोय, लवकर गुण यावा म्हणून. पेंड बंद केली.

पशुवैद्यक_चौथं_वर्ष — ५ सप्टेंबर

म्हणजे दिवसाला ६. या वजनाच्या कामाच्या घोडीची गरज एक मिलिग्रॅमच्या आतली आहे, ती थोडीफार चाऱ्यातूनही भागते. सेलेनियम कमी पडलं तर स्नायू खराब होतात, हे खरं आहे, म्हणून तर घालतात. पण जास्त दिवस जास्त गेलं की आयाळ-शेपटी गळते आणि खुराला आडव्या भेगा पडतात. खूर सुधारायला आणलेली पावडर खूरच खाईल. सध्या दोन्ही थांबवा आणि हे आकडे डॉक्टरांना दाखवा. व्हिटॅमिन ई ला माझा विरोध नाही, वाळक्या चाऱ्यावरच्या घोड्याला ते कमी पडतं.

संभाजीनगरची_स्वार — ६ सप्टेंबर

फेसाचा मुद्दा कोणीच घेतला नाही. मैनावाले, तुम्ही मीठ किती देता? यादीत कुठंच नाही.

घोड्याचा घाम आपल्यासारखा पाणीदार नसतो, त्याच्या रक्ताएवढा किंवा त्याहून खारट असतो. एका लिटर घामात तीन ग्रॅमच्या वर सोडियम जातं. पाणी आणि मीठ बरोबरीनं गेल्यामुळं रक्त घट्ट होत नाही आणि घोड्याला तहान लागल्याचं कळतच नाही. तो बादलीकडं बघतो आणि तोंड फिरवतो. आपण म्हणतो, बघा, तहान नाही त्याला. मी लांब पल्ल्याच्या दौडीत स्वतः ही चूक केलेली आहे, आणि ३० किलोमीटरवर घोड्यावरून उतरून त्याला चालवत आणलंय.

माणसाची ओआरएसची पाकिटं घालू नका. एका पाकिटात सोडियम पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, बाकी बरीचशी साखर. एका लिटर घामाचीही भरपाई होत नाही आणि घोड्याचा घाम सहज दहा लिटर जातो. साधं मीठ, दोन मोठे चमचे म्हणजे ३०-३५ ग्रॅम, रोज चंदीत. शर्यतीच्या दिवशी दुप्पट, वाटून. समोर पाणी भरपूर असेल तरच. टँकरच्या दिवसांत पाणी मोजून देणार असाल तर मीठ वाढवू नका.

औसा_एक्सप्रेस — ६ सप्टेंबर

वीस रुपयाचं मीठ सांगायला चार माणसं लागली. तुपाचं मात्र मी मागं घेत नाही.

परळीचा_पाव्हणा — ६ सप्टेंबर

इंजेक्शनाचा विषय सगळ्यांनी शिताफीनं टाळला. मी सांगतो. आमच्या भावकीत एकानं दिलं होतं, नाव विचारू नका. घोडा एक हंगाम वाऱ्यासारखा पळाला. दुसऱ्या हंगामात पायाच्या शिरा गेल्या, आता गोठ्यात उभा असतो. दुकानदार अजून तिथंच आहे.

मैनावाला — २३ नोव्हेंबर

रामराम. मधी सोयाबीन काढणी, मग दिवाळी, म्हणून लिहिणं झालं नाही.

उदगीरला नेलं. रक्ताची पट्टी केली, सर्रा निघाला नाही. जीव भांड्यात पडला. दाढा बघताना डॉक्टरांनी माझं बोट धरून आत लावलं. काका, तुम्ही ब्लेड म्हणाला होता, मला वाटलं बोलायची पद्धत असंल. गालाला आतनं दोन जखमा होत्या. एवढे महिने ती लगाम तोंडात घेऊन पळत होती आणि मी तिला आळशी म्हणत होतो.

घासून घेतल्या. चौथ्या दिवसापासनं कुट्टी खायली. लिदीत हरभरा दिसत नाही. लसूणघास शेजाऱ्याकडनं घेतो, वाळवून. कोंडा बंद करताना आईनं कडाक्याचं भांडण केलं, घोड्याला कोंडा नाही म्हणजे काय, लोक काय म्हणतील. डॉक्टरांनी वर चुनखडीची पावडर थोडी लिहून दिली. दुकानदार खायचा चुना द्यायला निघाला होता. मी म्हणलं बाबा, ते पानाचं झालं, तोंड भाजंल तिचं.

मीठ पहिल्या आठवड्यात चालू केलं. पाणी किती प्यायली म्हणता! आधी दीड बादली, आता चार. लंगड ऑक्टोबरच्या मधात थांबली. खुराला वरनं साधारण दोन सेंटिमीटर नवीन, गुळगुळीत वाढ आलीय, खाली जुनं भेगाळलेलं तसंच आहे. नालबंद म्हणतो पूर्ण खूर बदलायला पुढचा पावसाळा येईल. तोवर शर्यत नाही, ठरवलंय. तुळशीचं लग्न झाल्यावर दोन वराती केल्या, फेस आला नाही. घेर आता १६६ भरतो.

महिन्याचा खर्च, घास-तेल-मीठ-चुनखडी धरून, २,१०० च्या आसपास आलाय.

आता एकच अडचण. रक्त वाढीच्या टॉनिकच्या तीन बाटल्या न फोडलेल्या पडल्यात. दुकानदार परत घेत नाही. म्हशीला चालतील का?

निवृत्त_पशुधन — २३ नोव्हेंबर

म्हशीचा खुराक काय आहे ते आधी लिही.