त्सान, छाई, बूयाओ : काटा, आकडा की फूल?

प्रश्न : जुन्या चिनी सोन्याच्या केशभूषणांविषयीचा मजकूर मराठीत आणताना त्सान, छाई आणि बूयाओ या तिन्हींसाठी मी 'सुवर्णफूल' हा एकच शब्द वापरला आहे, कारण तिन्हींवर पिओनी, शेवंती किंवा प्लमची फुले घडवलेली आढळतात. निळ्या पाकळ्यांना 'मिनाकारी' म्हटले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर १ : 'सुवर्णफूल' मला पटत नाही. आपल्याकडे अंबाड्यातले दागिने दर्शनी रूपावरून ओळखले जातात. फूल, केवडा, केतक ही नावे तशीच पडली. त्सान आणि छाई ही नावे मात्र दागिना केसांत कसा बसतो, यावरून ठरतात : एका दांडीचा तो त्सान, दोन पायांचा तो छाई. म्हणून त्सानला 'काटा' आणि छाईला 'आकडा' म्हणावे. दोन्ही शब्द घरोघरी वापरातले आहेत.

हा फरक किरकोळ नाही. थांग काळातील कवी बाइ जूयी याच्या 806 सालच्या दीर्घकाव्यात, मृत्यूनंतर परलोकात असलेली सम्राटाची लाडकी पत्नी यांग ग्वेफेई आपल्या सोन्याच्या छाईचे दोन पाय विलग करते, एक स्वतःजवळ ठेवते आणि दुसरा सम्राटाकडे खूण म्हणून पाठवते. तिथे 'फूल' लिहिले तर तिने पाकळ्या तोडल्या असे वाटेल, आणि 'काटा' लिहिले तर पाठवायला दुसरा पायच उरणार नाही.

त्याच काव्याच्या आरंभी तिच्या केसांत बूयाओ आहे. 'बू' म्हणजे पाऊल आणि 'याओ' म्हणजे हलणे. पावलागणिक ज्याची लोंबती पाने-फुले थरथरतात, तो हा दागिना. 'डूल' हा शब्द अर्थाने किती जवळचा, पण तो कानाने आधीच घेतला आहे! बूयाओ तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्यावा.

('त्सान'चा उच्चार 'चमचा'मधल्या च-चा आहे, तरी आपल्या लिपीत दोन्ही च सारखेच दिसत असल्याने 'त्सान' हेच लेखन बरे.)

उत्तर २ : वरील मताशी सहमत आहे. 'मिनाकारी'बाबत मात्र आधी वस्तू नीट पाहावी. मिना म्हणजे धातूवर भाजून बसवलेली रंगीत काच. चिनी दागिन्यांतला निळा रंग पुष्कळदा खंड्या पक्ष्याच्या पिसांचा असतो. धातूच्या बारीक कडांनी आखलेल्या घरांत पिसांचे तुकडे कापून चिकटवतात, आणि या कामाला 'द्यानत्स्वे' म्हणतात, ज्यातला 'त्स्वे' खंड्याशीच जोडलेला आहे. तिथे 'खंड्याच्या पिसांचे जडावकाम' असे लिहावे. शिवाय अशा पुष्कळ दागिन्यांत खालचा पत्रा सोन्याचा नसून मुलामा दिलेल्या चांदीचा असतो, तेव्हा 'सोन्याचा' आणि 'सोन्याच्या मुलाम्याचा' हा भेदही अनुवादात राखावा लागेल.