पिकअपचा ऑइल प्रेशरचा काटा मधेच शून्यावर पडतो, सेन्सर बदलूनही तेच

प्रश्न:
पेट्रोल व्ही-८ पिकअप आहे, १ लाख ८० हजार किमी झालेत. थंड इंजिनला ऑइलचं प्रेशर ५० पीएसआय (दाबाचं एकक), गरम झाल्यावर चालताना ४० च्या आसपास, सगळं व्यवस्थित, आणि मग सिग्नलला उभं असताना काटा धपकन शून्याजवळ, लाल दिवा लागतो, मी चावी फिरवेपर्यंत परत ३०. मग दोन-तीन दिवस काहीच नाही. दोनदा खड्ड्यातून जाताना पण झालं. डिपस्टिकवर लेव्हल बरोबर आहे, ऑइल-फिल्टर नवीन, सेन्सर पण बदलला. मेकॅनिक म्हणतो बेअरिंग गेलं, इंजिन उतरवू. जीव टांगणीला लागलाय, काय करू?

प्रतिसाद १:
इंजिन अजिबात उतरवू नका आत्ता. आधी मेकॅनिकल गेज (वायरिंगशिवाय प्रेशर थेट मोजणारं मीटर) लावा, सेन्सर काढून त्याच जागी बसतो. इंजिन पूर्ण गरम करून आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) आणि २००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) रीडिंग घ्या. ढोबळमानाने दर १००० आरपीएमला निदान १० पीएसआय धरतात, पण तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आणि तोपर्यंत दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन बंदच करायची, सेन्सरच असेल म्हणून रेटू नका, खरंच प्रेशर नसेल तर बेअरिंग जायला काही मिनिटं पुरतात.

प्रतिसाद २:
काटा पडतो कसा ते नीट बघा, त्यातच निम्मं उत्तर आहे. बेअरिंग झिजलं असेल तर रोज, गरम इंजिनला, आरपीएम खाली आले की हळूहळू उतरतो. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर पडत असेल तर इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरमधला पिकअप पाइप (पंपाकडे ऑइल खेचणारा) हवा खेचतोय, त्याची ओ-रिंग (रबरी सील) कडक होऊन चिरते. आणि एका झटक्यात शून्य, एका झटक्यात परत, तेही खड्ड्यात, हे मला वायरिंगचं वाटतं. इंजिनमधून टकटक येते का त्या वेळी? अजून एक, काही व्ही-८ इंजिनांत सेन्सरच्या खाली बारीक जाळी असते, ती गाळाने बुजली की सेन्सर कितीही नवा टाका, रीडिंग कमीच. तुमच्यात असेल तर ती काढून बघा.

प्रश्नकर्ता:
टकटक कधीच आली नाही. आज गेज लावला, अर्धा तास चालवून आणली, आयडलला २८ आणि २००० ला ४२, काटा स्थिर. जाळी होती, थोडा गाळ होता पण बुजलेली नव्हती.

प्रतिसाद १:
मग इंजिन ठणठणीत आहे. सेन्सर बदलताना कपलर (सेन्सरला वायर जोडणारा प्लग) जुनाच ठेवला ना? त्याच्या पिना बघा.

प्रश्नकर्ता:
बघितल्या!! कपलर काढला तर आत काळं ऑइल साचलेलं, जुना सेन्सर आतून लीक होता वाटतं, आणि एक पिन एवढी सैल की बोटाने हलत होती. नवा कपलर वायरसकट जोडून घेतला, इंजिन चालू ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवून पाहिला, काटा जागचा हलला नाही. चार दिवस झाले, खड्ड्याच्या रस्त्यावरून मुद्दाम दोनदा नेली, ३० च्या खाली आला नाही. तुम्हा दोघांचे मनापासून आभार, उद्या इंजिन उतरवायला गाडी टाकणार होतो.

प्रतिसाद २:
मस्त. थोडे दिवस रोज सकाळी डिपस्टिक बघत राहा, आणि नव्या सेन्सरच्या बुडाशी ओल दिसतेय का तेही.