स्ट्रोकनंतर फिजिओ करायचा की नाही, हे रक्ताचा रिपोर्ट ठरवणार?

विजू, कळवा
परवा इथे एकाने लिहिलं, ‘स्ट्रोकच्या दुसऱ्या दिवशी एनएफएल आणि कोपेप्टिन या रक्ताच्या चाचण्या करून घ्या, पेशंट उभा राहणार का ते कळतं, मग फिजिओवर पैसे घालायचे की नाही ठरवा.’ शेवटचं वाक्य वाचून डोकं सणकलं म्हणून सविस्तर लिहितोय. एनएफएल हे प्रथिन मेंदूतल्या मज्जातंतूंना इजा झाली की रक्तात उतरतं हे खरं, पण ते सावकाश चढतं, पुढचे दोन-तीन आठवडे चढतच राहतं, दुसऱ्या दिवशीच्या आकड्यावर काय निकाल लावणार? वय झालं की वाढतं, किडनी कमजोर असली की वाढतं. कोपेप्टिन तर शरीरावर ताण आला की वाढतं, हार्ट अटॅकलाही. एडिनबराच्या संशोधकांनी 2009 मध्ये तोवरचे अभ्यास चाळले, तेव्हाही रोजच्या वापरात घ्यावा असा रक्तातला एकही मार्कर, म्हणजे पुढचं सांगणारी खूण, हाती लागला नव्हता. आमच्या मामांचा असाच काहीतरी रिपोर्ट ‘हाय’ आला, घरच्यांनी फिजिओ बंद केला. खांदा जाम झाला, मूठ वळली ती वळलीच, आता नखं कापायची तर एकाने बोटं सोडवून धरायची आणि दुसऱ्याने कापायची. असले सल्ले देऊ नका.

मानसी, वाशी
विजूदादा, 2009 नंतर काही झालंच नाही का? 2019 चा कोरिस्क स्कोअर बघा, वय, एनआयएचएसएस (स्ट्रोक किती मोठा ते तपासून दिलेले गुण), अडकलेली नस उघडली का आणि कोपेप्टिन, यावरून तीन महिन्यांनंतरच्या अपंगत्वाचा आणि मृत्यूचा अंदाज देतात. माझ्या बाबांचा उजवा हात आणि वाचा दोन्ही गेलं, डॉक्टर रोज ‘बघू’ एवढंच म्हणायचे. नोकरी सोडू का, आईला इकडे आणू का, घरात कमोड बसवू का, हे सगळं त्या ‘बघू’वर लटकलेलं. मला एक आकडा मिळाला असता तर मी हजार वेळा घेतला असता. ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा.

कासारवडवलीकर
मार्कर कसले घेऊन बसलात, आधी पेशंट पोचू तर द्या. गुठळी फोडायच्या इंजेक्शनला साडेचार तास, त्यातला अख्खा तास घोडबंदर रोडवर माजिवड्याच्या अलीकडे जातो. मेट्रोचं खोदकाम, कंटेनर, गायमुखला एक ट्रक बंद पडला की खलास. आमच्या वडिलांची अॅम्ब्युलन्स सायरन वाजवत एका जागी उभी होती आणि बाजूने बाइकवाले फुटपाथवरून चालले होते. यावर कोणी धागा काढत नाही.

नौपाड्यातले काका
ट्रॅफिकला शिव्या घालायच्या आधी घरात किती वेळ घालवला ते सांगा. बहुतेक घरी ‘अॅसिडिटी असेल, झोपले की बरं वाटेल’ यातच दुपार जाते.

कासारवडवलीकर
काका, तोंड वाकडं दिसल्याबरोबर फोन केला होता आम्ही. तुम्ही स्टेशनपासून चालत अंतरावर राहता, संध्याकाळी मानपाड्याला या आणि मग बोला.

नौपाड्यातले काका
येतो की. तुमच्यावर बोललो नाही, लोकांच्या सवयीवर बोललो. आणि साडेचार तास उलटले म्हणजे संपलं असंही नाही, मोठी नस बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंत गुठळी ओढून काढतात, 2018 पासून. लोक ‘आता काय उपयोग’ म्हणून घरीच ठेवतात, ते जास्त वाईट.

कासारवडवलीकर
हे बरोबर आहे. रस्त्याचं मात्र मी बोलणारच.

फिजिओ ताई, ऐरोली
मूळ मुद्द्यावर येऊ का? हाताचं विचाराल तर रक्ताआधी पलंगाशी जा. पहिल्या तीन दिवसांत पेशंटला खांदा बाजूला उचलता येतो का आणि बोटं थोडी तरी उघडतात का, एवढं बघा. 2010 च्या डच अभ्यासात दोन्ही जमणाऱ्यांच्या हातात सहा महिन्यांत थोडंफार कसब यायची शक्यता 98 टक्के निघाली. दोन्ही न जमणाऱ्यांत 25.

मानसी, वाशी
म्हणजे बोटं नाही हलली की 25 टक्के, हाही आकडाच झाला ना? रक्तातून आला की वाईट आणि बोटातून आला की चांगला?

फिजिओ ताई, ऐरोली
25 म्हणजे चारातला एक, आणि तो एक कोण हे आधी कळत नाही. म्हणून चौघांनाही व्यायाम द्यायचा. मी आकड्याच्या विरोधात नाही, आकडा बघून हात सोडून देण्याच्या विरोधात आहे.

विजू, कळवा
मानसी, तुझा स्कोअर वाचला. मृत्यू आणि अपंगत्वाच्या अंदाजात कोपेप्टिन भर घालतं, ठीक आहे, तेवढं मान्य. पण त्यात वय आणि एनआयएचएसएस आहेतच, नुसतं रक्त नाही. आणि बाबा बोलतील का, चमचा धरतील का, हे त्यातून निघत नाही. तुला हवं होतं ते उत्तर त्यात नव्हतंच.

मानसी, वाशी
नसेल. पण ‘बघू’पेक्षा बरं. ‘पहिले तीन महिने जास्त फरक पडतो, तेवढी तरी रजा काढा’ असं कोणी धड बोललं असतं तर मी रिपोर्टच्या मागे लागलेच नसते. फिजिओ बंद करा असं मी कुठेच म्हटलं नाही, ते माझ्या नावावर खपवू नका. ताई, बाबा आता कोपरखैरण्यात भावाकडे आहेत, तिकडे घरी येणारं कोणी आहे का? वाचेसाठी पण हवंय, नुसत्या हातासाठी नाही.

फिजिओ ताई, ऐरोली
आहे. स्पीच थेरपिस्टचाही नंबर देते, मेसेज कर. आणि बाबांना घोट घेताना ठसका लागतो का ते आधी सांग.